मुखवट्यातली सात मिनिटं

मुखवट्याचा शेवटचा खटका बसला आणि मिस्त्रींचा श्वास छातीतच अडकला.

चेहऱ्यावर, गळ्यावर, खांद्यांपर्यंत जाळीचं कडक प्लास्टिक. कपाळ, हनुवटी सगळं टेबलाला जखडलेलं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला कळत होतं, शिकंज्यात धरलेल्या फळीचं काय होतं ते. ठेंगणा तंत्रज्ञ बाहेर गेला. जाड दार लागलं. घशाच्या गाठीवर किरणं सोडायची, सात मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, तीस वेळा. आजची पहिली.

हात वर करून थांबवा म्हणायचं त्यांनी ठरवलं, तेवढ्यात छताजवळच्या स्पीकरमधून बाईचा आवाज आला.

"काका, मी बाहेर पडद्यावर तुम्हाला बघतेय. पडल्या पडल्या एक कपाट करू या? आधी फळीवर रंधा मारा, मग करवतीनं कापा."

मिस्त्रींच्या डोक्यात तिडीक गेली. आधी रंधा? कुठल्या गाढवानं शिकवलं हिला? ते मनातल्या मनात तिला फैलावर घेत राहिले आणि सात मिनिटं संपली.

दुसऱ्या दिवशी मुखवटा चढवण्याआधी त्यांनी घोगऱ्या आवाजात छताकडे बघून सुनावलं, "ताई, आधी करवत. मग रंधा."

"असं होय! आणि बिजागऱ्या कुठं, तळाला ना?"

त्यांनी कपाळावर हात मारला.

साथ ऐन भरात होती. रुग्णाशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. लेक त्यांना फाटकाशी सोडायची आणि तिथंच उन्हात उभी राहायची. "बाबा, कशाला हात लावू नका," एवढंच रोज म्हणायची. आत एकाआड एक खुर्चीवर फुल्या मारलेल्या. कुणी खोकलं की सगळ्या माना वळायच्या. मिस्त्रींना आपला कर्करोग भ्यायचा की शेजारच्याचा खोकला, हेच कळेनासं झालं होतं. घरी आल्यावर ते साबणानं हात इतके धूत, की बोटांची सालं निघाली.

दर बुधवारी दुपारी चारला एका मुलीचा फोन यायचा. साथीच्या काळात किरणोपचार घेणाऱ्यांच्या मनाचं काय होतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. झोप लागते का, जेवण जातं का, रडू येतं का. शेवटी ठरलेला प्रश्न, "भीतीला दहापैकी किती गुण द्याल, काका?"

"दहा. शाळेत कधी एवढे मिळाले नाहीत बघ."

तिसऱ्या आठवड्यात ते सहा म्हणाले, चौथ्यात चार. कारण विचारल्यावर म्हणाले, "त्या स्पीकरवाल्या ताईंमुळं. सुतारकामातलं ओ का ठो कळत नाही त्यांना. पण माणूस सोन्यासारखं."

तेविसाव्या दिवशी स्पीकरमधून ठेंगण्या तंत्रज्ञाचा आवाज आला. "हलू नका. सुरू करतोय."

"ताई कुठंयत?" मिस्त्रींना विचारायचं होतं, पण मुखवट्यात जबडा हलेना. घशात लाळ साचली. गिळता येईना. आपण इथंच बुडून मरणार, असं त्यांना वाटलं. ते टेबलावर हात आपटू लागले. यंत्र थांबलं, खटके निघाले, आणि मिस्त्री भिंतीला धरत, चपला तशाच टाकून फाटकापर्यंत गेले.

त्या दुपारी फोन आला तेव्हा त्यांनी प्रश्न विचारूच दिले नाहीत. "मी आता जाणार नाही. गाठ वाढू दे, नाहीतर काही होऊ दे. त्या ताई नसतील तर त्या खोलीत मी पाय ठेवणार नाही."

मुलगी म्हणाली, "काका, उपचार सोडायचं कुणी म्हणालं तर मला विभागात कळवावं लागतं. कळवू ना?"

"कळव. दवंडी पिटून कळव."

तासाभरात लेकीला रुग्णालयातून निरोप आला. ताई उद्या असतील, वडिलांना घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मुखवटा चढायच्या आधीच खरंच आवाज आला. "काय काका... एक दिवस सुट्टी घेतली... तर रुसलात?"

मिस्त्रींचे डोळे भरून आले. "आवाज का असा बसलाय?"

"दोन दोन मास्क लावलेत. धाप लागते."

मग ड्रॉवर झाले, कप्पे झाले. ताई हल्ली कमी बोलायच्या, मध्येच थांबायच्या. मागून कसलंतरी यंत्र टूं टूं वाजायचं. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. रुग्णालयात यंत्रं वाजायचीच.

तिसाव्या दिवशी आवाज अगदी बारीक होता. "आज... फक्त कडी... बसवायची." मग नुसता श्वास. मग, "बसली... का?" मिस्त्रींनी मुखवट्याआड डोळे मिटले आणि मनातला शेवटचा स्क्रू पिळला.

खटके निघाले. तीस झाले होते. ते टेबलावरून उतरले आणि तडक बाहेर, पडद्यांच्या खोलीकडे निघाले. तिथं रुग्णांना मनाई होती.

"अहो काका, तिकडं नाही!" ठेंगणा तंत्रज्ञ मागून धावला.

"एकदा तोंड बघू दे बाबा त्या माऊलीचं. लांबूनच हात जोडतो."

त्यांनी दार ढकललं. खुर्ची रिकामी होती. मायक्रोफोनला रबरबँडनं एक मोबाइल बांधलेला होता. मोबाइल चालू होता, त्यातून टूं टूं ऐकू येत होतं आणि कुणीतरी घाईघाईनं बोलत होतं.

"ताई कुठंयत?"

ठेंगण्या तंत्रज्ञानं चष्मा काढला. "वर. साथीच्या वॉर्डात. बारा दिवस झाले."

मोबाइलमधला आवाज तुटला. तंत्रज्ञ त्याच्याकडेच बघत राहिला.

"श्वासाची नळी सकाळी नऊलाच घालणार होते, काका. नळी घातली की बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, काकांचा नंबर साडेअकराला आहे, तेवढा होऊ द्या."