टोस्टचा तुकडा

चौदा दिवस सकाळी दहाला पुरे होणार होते. ती साडेनवालाच केस विंचरून, धुतलेला ड्रेस घालून पलंगाच्या कडेवर बसली होती. कचेरीत शेजारच्या टेबलावरची बाई करोना पॉझिटिव्ह निघाली, म्हणून हा खोलीतला मुक्काम. तिला स्वतःला ना ताप, ना खोकला. दाराबाहेर नऊ महिन्यांचं बाळ खिदळत होतं, आणि त्याच्याहून मोठ्यानं नणंद.

कॉलेजचं वसतिगृह बंद झालं तशी नवऱ्याची ही धाकटी बहीण एक बॅग घेऊन आली आणि इथेच अडकली. आली तेव्हा चहा उतू गेला तरी मोबाइलमधून मान वर निघत नव्हती. आता बाळाला पहिला दात आल्याची बातमीसुद्धा तिनंच दाराबाहेरून दिली. चमचा टण्णकन वाजला म्हणे. नवऱ्यानं फोटो पाठवला. त्यात दात काही नीट दिसेना. ओठ खाली ओढून धरणारी नणंदेची दोन बोटं तेवढी स्पष्ट दिसत होती.

दुधाचं विचारलं तेव्हा डॉक्टर फोनवर म्हणाले होते, त्यातून धोका नसावा. त्या ‘नसावा’च्या भरवशावर तिला पोर सोपवता येईना. चौदा दिवस ती दूध काढून बेसिनमध्ये ओतत राहिली. आणि तिकडे, बाटली पाहिली की तोंड फिरवणारं तिचं पोर नणंदेच्या मांडीवर अख्खी बाटली रिकामी करून ढेकर देत होतं. दाराच्या या बाजूला तो ढेकरही ऐकू यायचा.

दहा वाजले. तिनं दार उघडलं.

समोर नणंद उभी, कडेवर बाळ. तिच्या टी-शर्टचा गळा त्यानं मुठीत गच्च धरलेला. बाळानं दारातल्या बाईकडे अगदी निरखून पाहिलं आणि नणंदेच्या मानेत तोंड खुपसलं.

“अरे वेड्या, आई आहे ना ती,” नणंद म्हणाली.

आपल्याच पोटच्या पोराशी कुणी आपली ओळख करून देतंय, हे तिला फार झोंबलं. नवरा म्हणाला, मी दाढी केली तेव्हा मलाही दोन तास ओळख दाखवली नव्हती साहेबांनी. ती हसली. हात पुढे केले. बाळ आलं, पण आल्याबरोबर कमान करून मागे झुकलं आणि घर डोक्यावर घेतलं. कुणी काही सांगण्याआधीच नणंदेनं हात पसरले. बाळानं झेप घेतली. नणंदेनं जिभेनं टक् टक् केलं, झालं, शांत.

“होईल सवय एक-दोन दिवसांत,” नणंद म्हणाली. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही.

मग सगळे चहाला बसले. नणंद बाळाला कुस्करलेलं केळं भरवत होती, मधूनच स्वतः टोस्ट खात होती. बाळानं केळ्याचा फुर्रकन फवारा उडवला तशी ती भरल्या तोंडानं हसली, आणि ठसका लागला. एकदा खोकली. पुन्हा एकदा. पाणी प्यायली, डोळे पुसले, परत हसू लागली.

“कधीपासून आहे हा खोकला?”

प्रश्न आपणच विचारला, हे तिला विचारून झाल्यावर कळलं.

नणंद म्हणाली, टोस्टचा तुकडा अडकला गं घशात. नवराही म्हणाला, टोस्टच तो.

“मला तर खोकलासुद्धा नव्हता,” ती म्हणाली. “तरी बसलेच ना मी आत? परवा दुधाच्या पावडरीसाठी दोन तास रांगेत कोण उभं होतं? कोण कुणाच्या मागे उभं होतं, सांगता येईल का?”

ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्या दिवसांत कुणालाच काही सांगता येत नव्हतं. सकाळचं खरं संध्याकाळी खोटं ठरत होतं. नवरा बाळाच्या हनुवटीवरचं केळं पुसू लागला.

नणंदेनं बाळाला सतरंजीवर ठेवलं. केळ्याचा हात लहान मुलीनं फ्रॉकला पुसावा तसा स्वतःच्या टी-शर्टला पुसला. चार्जर घेतला, उशी घेतली.

“बाटली कोमट लागते त्याला, गरम नको,” एवढं सांगून ती त्याच खोलीत गेली. आतून कडी लागली.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. तिनं बाळाला कुशीत घेतलं, त्याच्या टाळूचा वास घेतला. वास बदलला होता. कुठला तरी दुसराच साबण. मग रडणं सुरू झालं. खुळखुळा झाला, खिडकी झाली, कोमट बाटली झाली. अंगावर घेऊन पाहिलं, तर त्यानं तोंड फिरवलं. नवरा लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात गेला.

बाळाला घेऊन ती येरझारा घालत होती, पण कान सगळे बंद दाराकडे. आतून खोकल्याचा आवाज येत नव्हता. अर्धा तास झाला, तास झाला, एकदाही नाही. निदान एकदा तरी यावा, असं तिच्या मनात आलं आणि ती जागच्या जागी थबकली.

“वहिनी,” आतून नणंदेचा आवाज आला. अगदी साधा, रोजचा. “थर्मामीटर इथे आतच राहिलाय. बघू का ताप, की नको बघू?”

बाळ रडता रडता गप्प झालं. दोघंही दाराकडे बघत राहिली.