जुळ्यांचा वाढदिवस

दुकानातून आलेली कापडी पिशवी सासूबाई कधी फेकत नसत. दुकानाच्या नावावर चिंध्यांची फुलं शिवली, बंदांना रिबीन गुंडाळली, की झाली भेटीची पिशवी. आज त्यांनी अशा दोन मोठ्या पिशव्या सजवल्या आणि दोन्हींची तोंडं शिवून टाकली.

आम्ही निघालो, तर नवरा दारात आडवा उभा.

"कुठे?"

"वाढदिवसाला," सासूबाई म्हणाल्या. मी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. काल त्याने पिरगळलेला हात अजून काळानिळा होता.

"आणि दोन-दोन भेटी?"

"जुळी आहेत."

त्याने माझ्या हातातली पिशवी दाबून पाहिली. शिवणीत बोट घातलं. सासूबाई त्याच्यावर ओरडल्या,

"खबरदार उसवलीस तर! सकाळपासून खपतेय मी त्यावर."

"तुझा हा कचरा!" तो हसला आणि बाजूला झाला.

बस सुटली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मी शिवण उसवली. माझे कपडे, कॉलेजची प्रमाणपत्रं, सगळं आत होतं.

"आई, तुम्ही पुढच्या थांब्यावर उतरा. उशीर झाला तर त्याला संशय येईल. ती दुसरी पिशवीही द्या माझ्याकडे."

सासूबाईंनी पिशवी दिली नाही. मांडीवर घेऊन उसवली. आत त्यांचे दोन जोड कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि वाचायचा चष्मा होता.

"मी परत गेले, तर दार तोच उघडेल गं."