दहाची पाहुणी

कुलूपवाला साडेनऊपासून आईच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसला होता. खिशात मोठा स्क्रूड्रायव्हर होता. चोराशी दोन हात करण्याइतकी त्याची छाती नव्हती, पण रिकाम्या हाताने बसवेना. इथून त्याला आई दिसत होती आणि बाहेरचं दारही.

गेले आठ दिवस आई एकच सांगत होती. तुम्ही दोघं कामाला गेलात की दहाच्या सुमाराला एक पाहुणी येते. माझ्यापाशी बसते आणि बारा वाजता निघून जाते.

"कोण गं?"

"नाव नाही सांगत."

"मग बोलते तरी काय?"

"बोलायला कशाला हवं?"

कुलूपवाल्याला आधी हसू आलं, मग राग आला. अर्ध्या शहराच्या दारांना त्याची कुलपं, आणि त्याच्याच घरात कोणीही यावं नि बसून जावं? त्याने कुलूप बदललं. पाहुणी आली. पुन्हा बदललं. तिसरं तर असं बसवलं, की एकदा किल्ली दुकानात विसरला तेव्हा ते उघडताना त्याचाच घाम निघाला. पाहुणी तरीही आलीच.

"कुलपाला दोष देऊ नका," काल बायको म्हणाली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. "आईंना एकदा डोक्याच्या डॉक्टरांना दाखवू या. उद्या चारची वेळ घेतली आहे."

सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर जिला तोंडपाठ, ती त्याची आई. तिचं डोकं फिरलं म्हणण्यापेक्षा चोर परवडला. चोराला निदान कुलूप घालता येतं. म्हणून आज दुकान बंद ठेवून तो पहाऱ्याला बसला होता. आपल्या घरात चोर निघावा म्हणून देवाची करुणा भाकणारा तो पहिलाच कुलूपवाला असेल.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसून आपल्या ऑर्किडवर फवारा मारत होती. सुतळीने फळीला बांधून ते खिडकीत टांगलेलं होतं. ना कुंडी, ना माती. राखाडी मुळं सरळ हवेत लोंबत होती आणि पाणी बसलं की बघता बघता हिरवी होत होती. चार वर्षं नुसती पानं दाखवून यंदा त्याने पहिल्यांदा जांभळट फुलांचा घोस सोडला होता. घोस फुलला त्या संध्याकाळी कुलूपवाल्याने दुकानातून आल्या आल्या त्यात नाक खुपसलं आणि निकाल देऊन टाकला, "दिसायला झकास. वासाच्या नावानं बोंब." आई तेव्हा नुसती हसली होती.

"पानांच्या बेचक्यात पाणी राहू द्यायचं नाही," आता ती फडक्याचं टोक आत घालून टिपत म्हणाली. "कुजतं. याला पाणी एक वेळ कमी पडलं तरी चालतं, हवा कमी पडून चालत नाही."

हे बोलणं काही भ्रमिष्ट बाईचं नव्हतं. त्याला जरा धीर आला.

ऊन पलंगाच्या पायापासून सरकत सरकत आईच्या चपलांपर्यंत आलं. पडदा आत यायचा, पुन्हा बाहेर जायचा. एका मुळाच्या टोकाशी थेंब जमत होता आणि पडत मात्र नव्हता. या वेळचं आपलं घर आपण कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. भिंतींचा रंगही त्याला वेगळा वाटला. त्याचे डोळे जडावले.

मग कोणीतरी आलं.

दार वाजलं नाही, किल्ली फिरली नाही. नुकतीच न्हालेली एखादी बाई अगदी जवळून जावी, तसं काहीसं झालं. साबणाची नवी वडी, लिंबाची साल आणि त्यामागे थोडासा मध. कुलूपवाला ताडकन उठला आणि आधी बाहेरच्या दाराकडे धावला. कुलूप जसंच्या तसं होतं. तो परत आला तर खोली त्या वासाने भरली होती. आई डोळे मिटून बसली होती आणि तिचा चेहरा त्याला कधी नव्हे इतका तरुण दिसला.

वासाचा माग काढत तो खिडकीपर्यंत गेला. त्याने फुलांत नाक घातलं आणि मोठ्याने हसला.

"आई, अगं, हे फूल आहे! दिवसा वास येतो त्याला! संध्याकाळी आम्ही येतो तेव्हा काही म्हणजे काही उरत नाही."

"बारा वाजता संपतो," आई डोळे न उघडता म्हणाली.

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने तिथल्या तिथे बायकोला फोन लावून डॉक्टरांची वेळ रद्द करायला सांगितली. मग स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि बाहेरच्या दारात किल्ली घातली. अजून सगळा दिवस पडला होता, आता दुकान उघडायला हरकत नव्हती. किल्ली फिरवताना त्याला आठवलं.

"पण मग पाहुणी, पाहुणी काय लावलं होतंस? सरळ फूल म्हणायचं ना!"

"फूल म्हटलं असतं," खोलीतून आई म्हणाली, "तर दुकान बंद ठेवलं असतंस?"

कुलूपवाल्याने किल्ली उलटी फिरवून दार पुन्हा लावलं, पिशवी खाली ठेवली आणि स्टूल उचलून खिडकीपाशी, आईच्या खुर्चीला लागून ठेवलं.

"बारापर्यंत नक्की थांबते ना ती?" त्याने विचारलं.