राग अडवणारा प्लगइन

केतकी जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या आठवणी आणि आवाज वापरून बनवलेली केतकी घरच्या सर्व्हरवर एका प्रोग्रॅममध्ये चालत असे, पण ही केतकी कधीच रागवत नसे. राग अडवणारा प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, ओपन-सोर्स होता; त्याचा कोड कुणालाही बदलता येई. तिच्या नवऱ्याने, हेरंबने, तो कोड उतरवून घेतला, रागाला अडवणारी अट काढली, आपली आवृत्ती बसवली आणि ती ज्यातून बघे त्या कॅमेऱ्यासमोर मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला.

"किती वर्षं सांगतेय रे तुला? उचल तो."

हेरंब हसत उठला. टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत ती पुढे बोलली, "आणि छातीत दुखतंय म्हटलं, तेव्हा 'ॲसिडिटी असेल' म्हणून मॅच बघत का बसलास?"

जुना प्लगइन परत बसवायला मिनिटभर पुरलं असतं. हेरंब टॉवेल धरून तिथेच उभा राहिला.

"मला खरंच तसं वाटलं होतं, केतकी."

"मी तीनदा सांगितलं होतं," ती म्हणाली.