गाळण किती ठेवायचं

"गाळण वाढवायला हवं," प्रवाळांच्या टाकीच्या काचेला नाक लावून काका म्हणाले, आणि काकूंनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"अहो, आता कुठे रंग चढतोय त्यांना! कशाला हात लावताय?"

"कोपऱ्यात हिरवट धरायला लागलंय बघ. पाणी जड झालंय. फिल्टर एक नंबर मोठा लागणार."

काकूंनी पाहिलं. हिरवट होतं खरं, नखाएवढं. शेजारचे प्रवाळ मात्र असे फुलले होते, जणू कुणी तळाशी रंगीत लोकर उलगडून ठेवलीय.

काकांपुढे बोलून उपयोग नव्हता. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस. शहरभराचं पाणी गाळलं, तिथे दीड हाताच्या टाकीचं काय घेऊन बसलात! टाकी आली तेव्हा त्यांनी इतके फिल्टर आणि कोळशाच्या इतक्या पिशव्या लावल्या, की खारं पाणीसुद्धा पिण्याजोगं दिसायला लागलं. प्रवाळ मात्र खडूसारखे पांढरे पडले.

काकू घाबरल्या होत्या. टाकी येण्याआधीची दोन वर्षं त्यांना आठवायचीही नव्हती. काका निवृत्त झाले, त्याच वर्षी काकूंचं पाळणाघर बंद पडलं, आणि घर मिटूनच गेलं. दुपार झाली तरी पडदे सरकायचे नाहीत. डॉक्टरांनी काकांना सांगितलं, "घरात काहीतरी जिवंत आणा." टाकी आली, काका तिच्यात रमले. आता प्रवाळ गेले, तर पुन्हा तेच दिवस.

म्हणून गुडघ्यांची कुरकुर न ऐकता त्या एकट्याच टाकी घेतली त्या दुकानात गेल्या होत्या. दुकानवाल्या ताईंनी टाकी केवढी आहे तेही विचारलं नाही.

"काकू, उपाशी आहेत ते. पाणी फार स्वच्छ झालं, की त्यांना खायला काही उरतच नाही. काकांना गाळण कमी करायला सांगा."

"ऐकतील तर हे कसले!"

"मग तुम्ही भरवा. रोज चिमूटभर." ताईंनी खाद्याची पुडी पुढे केली.

तेव्हापासून काकूंचा नेम लागला. काका आठच्या ठोक्याला आंघोळीला जायचे, अर्धा तास पाणी ओतत बसायचे, आणि दार उघडण्याआधी दहादा खाकरायचे. तेवढ्यात पुडी काढायची, चिमूट सोडायची, इवले इवले हात पसरून एकेक तोंड उघडताना पाहायचं, "सावकाश रे, सगळ्यांना आहे," म्हणायचं. मगच स्वतःचा चहा.

महिन्याभरात रंग परतले. "बघ, माझं गाळण!" काका छाती फुगवायचे. काकू पदरात हसायच्या.

गेल्या आठवड्यात मात्र त्यांना राहवलं नाही. वाढत्या अंगाची लेकरं ती, एका चिमटीत काय होतंय? त्यांनी दोन सुरू केल्या. आणि आज हे गाळणाचं खूळ! मोठा फिल्टर लागला की संपलं, पुन्हा सगळे खडू.

"जरा पाय मोकळे करून येतो," म्हणत काका बाहेर पडले.

काकूंनी चपला सरकवल्या. हे उद्या-परवा दुकानात पोचायच्या आत ताईंना गाठायचं. मोठे फिल्टर संपलेत, असं सांगा म्हणायचं. देवाला त्यांनी वाटेतच हात जोडले; एवढं खोटं पोटात घाल रे बाबा.

दुकानाचं दार उघडंच होतं. काकू आत शिरल्या आणि वाळूच्या पोत्यांमागेच थबकल्या. काकांचा आवाज!

"अहो काका, मागचा मोठा फिल्टर तर तुम्हीच परत आणून दिलात," ताई म्हणत होत्या. "मग आता कशाला हवाय?"

"तेव्हा एकच चिमूट होती. आठवडा झाला, दोन टाकते ती."

"मग सांगून टाका की त्यांना एकदा!"

"छे! दोन वर्षं अंथरूण सोडलं नव्हतं तिनं. तिचा हात वाढेल तसं गाळण मी वाढवत जाईन, तुम्ही फक्त पुडी संपू देऊ नका."