ओवलेल्या सुया

सासूबाई हातशिलाईत पटाईत, पण नजर अधू झालेली. रोज सकाळी सून धागा ओठांनी ओला करून दहा सुया ओवून ठेवायची. शिवून झालं की सासूबाई तोच धागा दातांनी तोडायच्या. साथीत त्या गेल्या. “नको म्हटलं तरी तुम्ही बाजारात हिंडलात, तुम्हीच आजार आणलात,” म्हणत मुलाने वडिलांशी बोलणं टाकलं. महिन्याने सासरे आणि सून रक्ततपासणीला गेले. कागद देत नर्स म्हणाली, “आजोबांना लागण झालीच नव्हती. ताई, तुम्हाला होऊन गेली. लक्षणंच नव्हती, कळणार कसं?” सून सासऱ्यांकडे वळली. “बाबा, सुया मीच ओवत होते. आजच यांना सांगते.” सासऱ्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवले. “अजिबात नाही, पोरी. माझ्याशी अबोला धरून त्याचं निभेल. मला किती दिवस काढायचेत? तुला त्याच्यासोबत अख्खा संसार करायचाय.”