नमुन्याचं रक्त

लॅब टेक्निशियनच्या वर्गात कोळेकर मॅडम दरवर्षी स्वतःच्याच बोटाला सुई टोचायच्या, कारण नवी मुलं घाबरायची. काचेवर थेंब पसरून, रंगवून त्या म्हणायच्या, "बघून घ्या, निरोगी रक्त असं दिसतं."

यंदा नुसती सुई पाहून मुबीनाला घेरी आली. आता तीच मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली होती. "मॅडम, ह्या पांढऱ्या पेशींना केस आहेत!"

"रंग नीट बसला नसेल. सरक बघू."

मॅडम वाकल्या. पेशींच्या कडेने खरंच केसांसारखे बारीक तंतू होते. बावीस वर्षांत रक्ताचा हा दुर्मीळ कर्करोग त्यांनी दोनदाच पाहिला होता, तोही पेशंटच्या काचेवर. दोन महिन्यांचा थकवा, वयाच्या नावावर खपवलेला, त्यांना आठवला.

वर्ग वाट बघत होता. त्या वर्गाकडे वळल्या. "पोरांनो, हे निरोगी नाही. औषध आहे यावर, मी घेईन. पण नमुना दाखवायला माझं रक्त आता चालणार नाही."

मुबीनाने डोळे गच्च मिटले आणि बोट पुढे केलं. "माझं घ्या, मॅडम. पण टोचायचं तुम्हीच."